सहाशे बारा जणांचे पाय

४ जानेवारी

माझ्या भिंगरीला आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी आलं. पोस्टमन अजून घड्याळवाल्याच्या दारात होता तेव्हाच मी तुझं पाकीट ओळखलं आणि धावत गेले. धावत म्हणजे माझ्या गुडघ्यांना जमेल तेवढं. एवढ्या मोठ्या कंपनीच्या मुख्य ऑफिसात, तेही बुटांच्या खरेदीच्या खात्यात! मी आधी स्वतः वाचलं, मग उस्तादांना वाचून दाखवलं, मग घड्याळवाल्याला, मग दुकानात बसलेल्या एका गिऱ्हाइकाला. त्या बिचारीचा एक पाय बुटात आणि एक बाहेर. ती म्हणाली, "अभिनंदन आजी, पण माझा दुसरा बूट?" तो माझ्याच हातात होता!

आपल्या घरात आजवर सगळ्यांनी लोकांच्या पायाशी बसून बूट विकले. खुर्चीवर बसून विकणारी तू पहिली. आजोबा असते तर गल्लीभर सांगत फिरले असते. आता ते काम माझ्याकडे आलंय आणि मी ते नीट करते आहे.

तू फोन करतेस, पण मला त्यात काही ऐकू येत नाही गं. मी आपली "हो हो, छान" म्हणते आणि दुसऱ्या दिवशी कळतं की तू ताप आलाय म्हणत होतीस. पत्र बरं. मी दुसरीपर्यंतच शाळा पाहिलेली, पुढचं सगळं तूच सुट्टीत येऊन शिकवलंस. जोडाक्षरं आली तेव्हापासून तर कुठं घालू आणि कुठं नको असं होतं मला.

इकडची खबर म्हणजे तुझ्या मामाने दुकानाला काचेचं दार बसवलंय. परवा एक जण त्यावर नाक आपटून गेला. शिवाय मामाने छापील कार्डं आणली आहेत, त्यावर 'संचालक' लिहिलंय. दुकानात माणसं किती, तर तो, मी आणि उस्ताद. मी विचारलं, "तू आम्हाला कुठं चालवतोस रे?" तर रागावला. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसणं त्याने सोडलंय. म्हणतो, मालकाने काउंटरमागे दिसावं. म्हणून पाय मोजायला उस्ताद, बूट शिवायला उस्ताद, आणि म्हातारीच्या गप्पा ऐकायलाही उस्तादच.

हां, आणि गिरणीपलीकडच्या मोकळ्या जागेला पत्रे ठोकलेत. मोठं स्वस्त दुकान येणार म्हणतात, सुईपासून गादीपर्यंत सगळं मिळणारं. मामा रोज तिकडून चक्कर मारून येतो आणि जेवत नाही.

उत्तर दोन पानांपेक्षा कमी आलं तर मी परत पाठवीन.

तुझी आजी


१५ जानेवारी

प्रिय आजी,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. बूट मिळाला ना तिला?

इथे सगळे बूट आकड्यांवरून मागवतात. सहा, सात, आठ. मोठमोठी माणसं बसून चर्चा करतात, पण त्यांच्यापैकी कुणी परक्या माणसाचा पाय हातात धरला नसेल. मला एक अहवाल करायला सांगितलाय, लोकांचे पाय खरे कसे असतात यावर. मला लगेच आजोबांचा खण आठवला. गिऱ्हाइकाला कागदावर उभं करून पायाभोवती पेन्सिल फिरवायची, नाव घालायचं आणि कागद जपून ठेवायचा. असं आता कुणीच करत नाही, आजी.

ते कागद मला थोडे दिवस पाठवशील? माप घेऊन दोन महिन्यांत परत करते. फक्त मामाला सांगू नकोस. त्याला वाटेल मी दुकानात लुडबुड करते.

पत्र्यांमागे काय चाललंय मला ठाऊक नाही. मामाला म्हणावं, जेवत जा.

तुझी भिंगरी

(दोन पानं होत नाहीत. अक्षर मोठं काढलंय, चालवून घे.)


२७ जानेवारी

माझी गुणाची भिंगरी,

पाठवले! सगळेच्या सगळे. बुटांच्याच खोक्यात भरले, वरून सुतळी, वरून चिकटपट्टी, वरून परत सुतळी. पोस्टातली मुलगी म्हणाली, "आजी, आत सोनं आहे का?" मी म्हटलं, "पाय आहेत." ती दोन पावलं मागे सरली.

मोजून पाठवले, सहाशे बारा. खण आजोबांचा, त्यांच्यामागे माझा, मग देणार मी नाही तर कोण? मामा तर त्या खणाकडे वर्षभरात फिरकलेला नाही. चोरून काही केलं की माणूस कसा तरुण होतो बघ. घरी आले ती गाणं म्हणत आले.

आता नुसते कागद बघून तुला काय कळणार, म्हणून सांगते. डावा पाय उजव्याहून मोठा आहे तो पोस्टमनचा. पिशवी डाव्या खांद्यावर असते ना, सगळा भार तिकडे. करंगळी आत दुमडलेली ती शाळेच्या मुख्याध्यापिकेची, तिने जन्मभर नाजूक दिसायला अरुंद बूट घातले. आणि पुढून पंजा पसरलेले जे ढीगभर आहेत ना, ते सगळे गिरणीतले. दहा दहा तास उभं राहून पाय सपाट होतो आणि पंजा रुंद होतो. आजोबा म्हणायचे, हे अर्धं गाव बदकाच्या पायाचं आहे. म्हणून बाहेरचा माल इथं चालत नाही. मागे तो चकचकीत दिव्यांचा बूटवाला आला होता बघ, सहा महिन्यांत गेला. का? त्याचे बूट टाचेला बरोबर आणि पंजाला चावायचे. लोक चार दिवस लंगडून परत आपल्याकडे. आपला साचाच पुढून बोटभर रुंद असतो. हे बाहेरच्यांना ठाऊक नाही आणि आपण कशाला सांगायला जातो!

तुझ्या अहवालात हे सगळं घाल. आणि शेवटी लिही की माझ्या आजीने सांगितलं. साहेबाला म्हणावं, आजी दुसरी पास आहे.

तुझी आजी


२२ मार्च

प्रिय आजी,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. अहवाल सगळ्यांना खूप आवडला. मला वरची जागा दिली. आता माझ्या हाताखाली चार जण आहेत आणि खिडकीजवळचं टेबल मिळालंय. तुझं नाव अहवालात घालता आलं नाही, तशी पद्धत नसते.

कागद अजून लागतायत. पाठवते.

तुझ्यासाठी लोकरीची शाल पाठवते आहे. थंडी संपली हे माहीत आहे मला.

भिंगरी


९ ऑगस्ट

भिंगरे,

मुली, तू मला बोलली का नाहीस? पत्रे काढले, पाटी लावली, आणि पाटीवर तुझ्याच कंपनीचं नाव! मी तिथं रस्त्यातच टाळ्या वाजवल्या. घड्याळवाल्याची बायको म्हणाली, "आजी, ते तुमचं दुकान बुडवायला आलेत आणि तुम्ही टाळ्या काय वाजवता?" मी म्हटलं, "अगं, माझी नात आहे त्यात, खिडकीजवळ बसते." तुला अचानक सांगायचं असेल, होय ना? की तुलाही माहीत नव्हतं? एवढ्या मोठ्या कंपनीत कोण कुणाला सांगतंय म्हणा.

उद्घाटनाला फुगे होते. मलाही एक दिला.

पण आता खरं सांगते, इकडे बरं चाललेलं नाही. तिथले बूट आपल्या निम्म्या भावात आहेत. तुझ्या मामाने ईर्ष्येने आपलेही भाव उतरवले. मग त्यांनी अजून उतरवले, मग मामाने अजून. दारावर हा एवढा मोठा लाल कागद लावलाय, 'त्यांच्याहून स्वस्त'. आता आपण ज्या भावाने आणतो त्याहून कमीत विकतोय. उस्ताद एवढंच म्हणाले, "मालक, दोन घोडे पळवताना त्यांच्या घोड्याला खायला जास्त आहे, तेवढं बघा." मामा म्हणाला, "तुम्ही शिवा."

आणि दुसरं. परवा मामाला काय सुचलं, कोणती मापं जास्त मागवावीत ते बघायला त्याने खण उघडला. गिऱ्हाइकांचे ताजे कागद उस्तादांनी वर टांगून ठेवलेत, ते चाळीसेक असतील. खण रिकामा. मामा पांढराफटक पडला. मला विचारलं, "आई, कागद कुठं गेले?" आणि मी म्हटलं, "मला काय ठाऊक."

तू सांगू नकोस म्हणाली होतीस ना, म्हणून. गंमत बघ, इतके महिने उस्तादांनी खणाचं नावही काढलं नाही. मी रोज धसका घ्यायची की आज विचारतील. त्यांनी उघडलाच नसेल.

आता मामाला उस्तादांचाच संशय आहे. त्यांचा जावई त्या नव्या दुकानात मालाच्या गाडीवर लागलाय. तू लगेच कागद पाठव. मी हळूच खणात ठेवून देईन आणि म्हणेन, अरे, मागे पडले होते. सगळं मिटेल.

आजी


१८ ऑगस्ट

आजी,

कागद पाठवता येणार नाहीत. मापं मशीनमध्ये भरल्यावर ऑफिसात कागद ठेवत नाहीत, तसा नियम आहे. मला उशिरा कळलं.

थोडे दिवस काही बोलू नकोस. मामा रागात असेल, शांत होईल. उस्तादकाका इतक्या वर्षांचे आहेत, त्यांच्यावर तो खरंच आळ घेणार नाही. मी सणाच्या सुट्टीला नाही, पण वर्षअखेरीस येते आणि समोरासमोर बोलते.

तब्येतीला जप.

भिंगरी


६ सप्टेंबर

भिंगरी,

उस्ताद काम सोडून गेले.

शनिवारची दुपार होती. दुकानात औषधवाल्याची बायको आणि शाळेतली कारकून बाई, दोघी बसल्या होत्या. एकीला बूट दाखवून झाले तशी ती म्हणाली, "नव्या दुकानात असेच मिळतात, पुढून रुंद. आणि निम्म्या भावात." झालं. मामा काउंटरमागून बाहेर आला.

"उस्ताद, पिशवी उघडा."

"कशाला, मालक?"

"उघडा म्हणतो ना. जावई तिकडे गाडीवर, खण इकडे रिकामा, आणि आपला साचा त्यांच्या फळीवर. लोकांना दिसतं सगळं."

उस्तादांनी पिशवी उघडली नाही, उलटी केली. चामडं कापायची रापी, दाभण, मेणाचा गोळा, दोऱ्याची रिळं, चष्म्याचं घर, जेवणाचा डबा. सगळं जमिनीवर. दाभण घरंगळत कारकून बाईच्या पायाशी गेलं, तिने पाय वर घेतले.

"डबाही उघडू?" उस्ताद म्हणाले.

मामा परत काउंटरमागे गेला.

मग उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी स्टुलावर बसले होते, हातात एक बूट आणि फडकं. मी मान खाली घातली आणि तो बूट पुसत बसले. पुसत बसले, पुसत बसले. एरवी माझं तोंड बंद करायला दोन माणसं लागतात, तू तर जाणतेसच. त्या दिवशी एक बूट पुरला. त्यांनी एकेक वस्तू उचलून पिशवीत भरली, काचेचं दार हळूच लावलं आणि गेले. एकतीस वर्षं, गं.

मी मनाला समजावत होते, की भिंगरीला वचन दिलंय. पण ते खरं नव्हतं. मला मुलासमोर चोर ठरायचं नव्हतं, एवढंच.

काल मी तुझ्या दुकानात गेले. मन रमेल म्हटलं, नातीचं कौतुक बघून येऊ. केवढं मोठं दुकान, आत शिरले तर दार सापडेना. बुटांच्या फळीशी बसले आणि सहज एक जोड पायात घातला. माझा डावा अंगठा कसा बाहेर आलाय, तुला माहीत आहे. आजोबांनी शिवलेल्या बुटांशिवाय तो कशात मावला नाही. यात मावला. असा मावला की जणू माझा पाय हातात धरूनच कुणी केलाय.

तिथली मुलगी गोड होती. म्हणाली, "आजी, हे खास तुमच्या गावासाठी मागवलेत. मुख्य ऑफिसातल्या एका मॅडमनी इथल्या सहाशे लोकांच्या पायांचा अभ्यास केला." मी विचारलं, "सहाशे बारा?" ती म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत?"

मी बूट काढून जागेवर ठेवला.

मला लांब पत्र नको. हो की नाही, एवढंच लिही. पत्रे ठोकले तेव्हा तुला ठाऊक होतं?


१२ सप्टेंबर

आजी,

हो.

जानेवारीपासून ठाऊक होतं. तुझ्या गावातल्या दुकानाचाच अहवाल होता तो. बाकीच्या गावांत आमचे बूट पडून राहतात आणि परत येतात, का ते कुणाला कळत नव्हतं. मला कळत होतं, कारण माझं लहानपण त्या खणाशेजारी गेलं. मला वाटलं, नावं काढून टाकली की ते नुसते आकडे. आकड्यांनी कुणाचं काय बिघडतं. असं मी स्वतःला सांगत राहिले, आणि तुला अक्षर मोठं काढून पत्र लिहीत राहिले.

कागद नियमामुळे गेले नाहीत. मला ते परत पाठवायची लाज वाटली, म्हणून मीच ते टाकून दिले. उस्तादकाकांच्या हातची अक्षरं होती त्यांवर. "डावा अंगठा वर." "टाचेला मऊ अस्तर."

अजून एक सांगायचं राहिलंय. आमच्याकडे प्रत्येक गावाची फाइल असते. तुमच्या फाइलमध्ये आपल्या दुकानासाठी एक ओळ आहे. 'जुने दुकान, भाव उतरवील, सहा महिन्यांत संपेल.' मामा अगदी त्या ओळीप्रमाणे चाललाय, आजी. ती ओळ मी वाचली आणि पान उलटलं.

मामाला सांग, भाव पूर्वीचे कर. आमच्याशी भावात लढू नको, आम्ही दोन वर्षं तोट्यात विकू शकतो. आम्हाला जे जमत नाही ते कर. आम्ही जोड फोडू शकत नाही. डाव्याला आठ आणि उजव्याला सात नंबर आमच्याकडे कधीच मिळणार नाही. पोस्टमनला आम्ही बूट देऊ शकत नाही. शिवलेला टाका उसवला तर आमच्याकडे शिवणारा नाही. पण त्यासाठी उस्तादकाका हवेत, आणि ते माझ्यामुळे गेले.

माझ्याबद्दल मामाला सांग. सगळं सांग. मीही लिहिलं असतं, पण तुझ्या आधी लिहिलं तर तुझी कबुली तुझ्या तोंडून हिसकावून घेतल्यासारखं होईल.

भिंगरी


३ ऑक्टोबर

आजी,

तीन आठवडे तुझं पत्र नाही. तू कधी इतकी गप्प बसली नाहीस.

मी साहेबांना सांगितलं की कागद कुठून आले आणि त्यापायी कुणाचं काम गेलं. ते म्हणाले, "मग? उत्तम कल्पना होती." त्या खोलीत सात जण होते. लाज कुणालाच वाटली नाही. मी राजीनामा दिलाय, पण तो देऊन बरं वाटलं असं काही नाही. तुला वाटेल मी शाबासकीसाठी सांगते. नको देऊस.

मी येऊ का?

भिंगरी


१४ ऑक्टोबर

भिंगरी,

गप्प बसले नव्हते. लिहायला बसायची आणि उठायची. कितीदा लिहिलं, कितीदा फाडलं. आता सगळं क्रमाने सांगते, मधेच वाहवत गेले तर समजून घे, खोड आहे.

तुझं पत्र आल्यावर मी आधी उस्तादांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने खुर्ची दिली, चहा ठेवला. ती इतकी नीट वागली की मला बसवेना. उस्ताद खिडकीशी कुणाची तरी पिशवी शिवत होते. मी उभ्यानेच सांगितलं, "उस्ताद, कागद मी पाठवले. नातीला."

त्यांनी दोरा तोडला. म्हणाले, "माहीत आहे, वहिनी."

"माहीत आहे म्हणजे?"

"त्या दिवशी पोस्टात मी तुमच्या मागेच रांगेत होतो. खोक्यावरचा पत्ताही वाचला. तुम्ही इतक्या खुशीत होतात की हाक मारली नाही."

मग मी त्या खुर्चीत बसलेच. म्हटलं, "मग त्या दिवशी दुकानात बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर मालक म्हणाले असते, स्वतःला वाचवायला म्हातारीवर ढकलतोय. आणि तुमचा मुलगा तुमच्याकडे कसा बघेल, तेही डोक्यात आलं." मग म्हणाले, "तुम्ही सांगाल असं वाटलं होतं. चार दिवस पिशवी भरून दाराशी ठेवली होती. बोलावणं आलं की निघायचं म्हणून."

चार दिवस, भिंगरी. त्या चार दिवसांत मी काय केलं ते आठवून बघितलं. मी बटणं लावली, डाळ निवडली आणि शेजारणीला तुझं खिडकीजवळचं टेबल सांगितलं.

मी तिथून तडक दुकानात आले. मामाला एकट्याला गाठून सांगता आलं असतं. पण पिशवी चारचौघांत उलटी झाली होती. म्हणून औषधवाल्याच्या बायकोला आणि कारकून बाईला बोलावून आणलं. कारकून बाई विचारते, "सेल आहे का आजी?" मी म्हटलं, "हो, माझा." मग जिथं ते दाभण पडलं होतं तिथं उभी राहिले आणि सांगितलं. कागद मी दिले, विचारल्यावर खोटं मी बोलले, उस्तादांनी काही घेतलेलं नाही. तुझंही नाव घेतलं. लपवलं नाही.

मामा काचेच्या दाराकडे वळला. मग म्हणाला, "आई, तू तिथेच बसली होतीस." एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तो त्याच पावली उस्तादांकडे गेला आणि एकटाच परत आला. म्हणाला, माफी मागितली, ते रागावलेले नाहीत, पण येत नाहीत. म्हणाले, "त्या जागी बसलो की दारातून येणारा प्रत्येक जण आधी माझ्या पिशवीकडे बघेल."

तुझा सल्ला मी वाचून दाखवला. मामा म्हणाला, "तिचं नाव काढू नकोस." पण दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरचा लाल कागद नव्हता आणि जुने भाव परत लागले होते. मी काही बोलले नाही. हल्ली मला जमायला लागलंय ते.

दोन आठवडे दुकानात माशी फिरकली नाही. मामा काउंटरमागे, मी स्टुलावर. आम्ही एकमेकांना "चहा?" एवढंच विचारायचो.

आता मागच्या आठवड्याचं सांगते. गुरुवारी सकाळी दार उघडलं आणि उस्ताद आत आले. हातात पिशवी नव्हती. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले, बूट काढले, मोजे काढले, आणि म्हणाले, "पाय मोजा, मालक."

मामा उभाच. मग काउंटरला वळसा घालून आला आणि खाली बसला. कितीतरी महिन्यांनी बसला असेल, गुडघे असे वाजले की बाहेर ऐकू गेले असतील. कागद पसरला, पेन्सिल घेतली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की एकतीस वर्षांत या माणसाचा पाय आपल्याकडे कुणी मोजलाच नव्हता. अख्ख्या गावाचे कागद होते, याचा नव्हता. तुझ्या आजोबांनाही सुचलं नाही, मलाही नाही.

मामाने पेन्सिल फिरवली. रेघ वाकडी आली.

"पेन्सिल उभी धरा," उस्ताद वरून म्हणाले. "तिरकी धरली की पाय खोटा येतो."

मामाने नवा कागद घेतला. तोही बिघडला. तिसरा घेतला. उस्तादांनी पाय तसाच ठेवला, हलवला नाही, घाई केली नाही. एकदा मामाने बाहीने डोळे पुसले तेव्हा ते भिंतीकडे बघत बसले, घड्याळात किती वाजलेत ते बघितल्यासारखं. तिसरा बरा आला. उस्तादांनी वाकून बघितला, "करंगळीशी अजून सैल" म्हणाले, बूट चढवले आणि उठले. "महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी न्यायला येतो."

ते गेल्यावर मी विचारलं, "शिवणार कोण?"

मामा म्हणाला, "मी."

आठवड्याभरात त्याने बोटाला पाच ठिकाणी दाभण टोचून घेतलंय. एक बूट झालाय. दुसरा दोनदा उसवलाय. ते परत कामावर येणार की नुसते बूट घेऊन जाणार, आम्हाला ठाऊक नाही आणि विचारायचा आम्हाला हक्क नाही.

नोकरी सोडलीस ते वाचलं. शाबासकी देत नाही, तूच नको म्हणालीस, आणि माझ्याकडे सध्या कुणाला द्यायला ती नाहीही. पण एक सांगते. जानेवारीत गल्लीभर मिरवलं ते तुझंच होतं आणि सप्टेंबरात मान खाली घातली तीही तुझ्यासोबतच. मला नात एकच आहे.

येऊ का म्हणून विचारलंस. ये. पण आधी घरी येऊ नकोस, आणि माझ्या गळ्यात पडून रडायचं वगैरे नंतर. त्या शेवटच्या गुरुवारी सकाळी सरळ दुकानात ये, ते बूट न्यायला येतील तेव्हा. त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे. मी तुझ्या शेजारी उभी राहीन. तुझी बाजू घ्यायला नाही. ते खोकं मीच बांधलं होतं.

आजी